तिला घ्यायला कोण आलंय?

‘द इमिग्रंट’ या एकाच नावाचे दोन चित्रपट आहेत आणि त्यांच्यात जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर आहे. पहिला चार्ली चॅप्लिनचा, १९१७ सालचा. छोटासा मूकपट, पोट धरून हसायला लावणारा. दुसरा जेम्स ग्रे या अमेरिकन दिग्दर्शकाचा, २०१३ साली कान महोत्सवात दाखवला गेलेला. यात हसायला फारशी जागा नाही. साल १९२१. पोलंडहून एव्हा आणि माग्दा या दोन बहिणी जहाजानं न्यूयॉर्कला येतात. माग्दा खोकते आहे, तेव्हा क्षयाच्या संशयावरून तिला एलिस बेटावरच्या रुग्णालयात ठेवून घेतात. एव्हाबद्दल जहाजावरून एक कुजबुज आधीच उतरलेली असते, की या मुलीची चालचलणूक बरी नाही. शिवाय ज्या मावशीकडे जायचं, तिचा पत्ताच खरा नाही, असं अधिकारी सांगतात. झालं, परत पाठवायचा शेरा पडतो. तेवढ्यात ब्रूनो नावाचा एक सभ्य दिसणारा गृहस्थ पुढं होतो, अधिकाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवतो आणि तिला शहरात घेऊन येतो. तो बायकांचा धंदा करणारा निघतो. बहिणीला सोडवायचं तर पैसे हवेत, आणि पैसे मिळवायचा एकच रस्ता ब्रूनोनं मोकळा ठेवलेला आहे.

चित्रपट समीक्षकांनी वाखाणला. एव्हाची भूमिका करणाऱ्या मारियाँ कोतियारला न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी २०१४ सालची सर्वोत्तम अभिनेत्री ठरवलं, या आणि आणखी एका चित्रपटासाठी मिळून. सर्वसाधारण प्रेक्षक मात्र दुभंगले. एका गटाला तो फार संथ वाटला, फार काळोखा वाटला. दुसऱ्या गटाला रडू आवरलं नाही, कारण त्यांची स्वतःची आजी किंवा पणजी त्याच बेटावरून आलेली होती. तिसऱ्या गटाचं म्हणणं मला सर्वांत विचार करण्याजोगं वाटलं. त्यांना नायिका पटलीच नाही. एकाच बाईच्या वाट्याला इतकं दुर्दैव येतं कुठं? आणि आलं तरी ती इतकी मुकाट्यानं सोसते कशाला? आपल्याकडे ‘माहेरची साडी’ १९९१ साली आला तेव्हा शहरी, शिकलेल्या मंडळींनी अलका कुबल यांच्या सोशिक नायिकेबद्दल जे नाक मुरडलं होतं, तीच ही तक्रार. आमच्या एका स्नेह्यांनी चित्रपट पाहून झाल्यावर मला सरळ विचारलं, “अहो, पण ती पोरगी पळून का जात नाही?”

पळून जाणार कुठं? ते बेट आहे, हे पहिलं उत्तर. पण खरं उत्तर बेटाच्या भूगोलात नाही, तिथल्या नियमांच्या पुस्तकात आहे. या चित्रपटात जे जे ‘अति झालं’ असं प्रेक्षकांना वाटतं, त्यातलं बरंचसं लेखकानं रचलेलं नाही. ते कायद्यानं रचलेलं होतं.

जरा मागं जाऊ. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं परदेशी माणसांना अडवणारा जो पहिला महत्त्वाचा कायदा केला, तो १८७५ सालचा पेज कायदा. त्यात कुणाकुणाला मज्जाव होता? सक्तीनं आणलेले मजूर, शिक्षा झालेले गुन्हेगार, आणि अनैतिक धंद्यासाठी आणलेल्या म्हणून ज्यांच्यावर संशय असेल अशा बायका. हा संशय प्रामुख्यानं चिनी बायकांवर होता. म्हणजे दार अडवण्याची सुरुवातच बाईच्या चारित्र्यापासून झाली! त्याच सुमारास, १८७४ साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात चीनहून आलेल्या बावीस बायकांना अधिकाऱ्यानं नुसतं पाहून ‘बदफैली’ ठरवलं होतं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं त्याला तो अधिकार दिलेला होता. अशा प्रत्येक बाईमागं जहाजाच्या मालकानं हमीची रक्कम भरावी, नाहीतर तिला उतरू देऊ नये. त्यातली एक बाई, चाय लंग, थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १८७६ साली जिंकली. कुणा एका अधिकाऱ्याच्या नजरेवर एवढं सोपवणं म्हणजे पैसे उकळण्याला मोकळं रान देणं आहे, हे न्यायालयानं ओळखलं. पण न्यायालयानं राज्याचा अधिकार काढला, केंद्राचा नाही. नजर तीच राहिली, फक्त गणवेश बदलला.

मग १८८२ साली आणखी एक कलम आलं. जो माणूस स्वतःचं पोट भरू शकणार नाही आणि सरकारवर ओझं होईल, त्याला उतरू द्यायचं नाही. कलम दिसायला साधं. पण ‘ओझं होईल’ हे ठरवायचं कशावरून? धडधाकट तरुण पुरुष खिशात थोडे पैसे घेऊन आला तर तो काम करील असं धरून चालत. तितकीच धडधाकट तरुण बाई तितकेच पैसे घेऊन आली, तर तिच्याबद्दलचा पहिला प्रश्न वेगळा असे. तिला घ्यायला कोण आलंय?

एलिस बेटावरचं तपासणी स्थानक १ जानेवारी १८९२ रोजी उघडलं. पहिली नोंद झाली ती अ‍ॅनी मूर या आयरिश मुलीची. धाकट्या भावांना घेऊन ती आली होती, आणि तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं भेट मिळालं. तिला घ्यायला आईवडील न्यूयॉर्कमध्येच होते. तिथून १९५४ पर्यंत एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसं या बेटावरून गेली. एकट्या १९०७ साली दहा लाख. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी जहाजावरच, त्यांच्या सोयीनं होत असे. बेटावर यायचं ते जहाजाच्या पोटातल्या, सर्वांत स्वस्त वर्गातल्या प्रवाशांनी. जिना चढताना कोण धापा टाकतो, कोण लंगडतो, हे डॉक्टर वरून पाहत. संशय आला की कोटावर खडूनं एक अक्षर काढायचं. हृदयाला वेगळं अक्षर, डोळ्यांना वेगळं, गरोदर बाईला वेगळं. खुपऱ्या तपासायला पापणी उलटी करत, आणि त्यासाठी बुटाची बटणं लावायचा आकडा वापरल्याच्या आठवणी तिथून गेलेल्या असंख्य माणसांनी सांगितल्या आहेत. त्यानंतर मोठ्या दालनात इन्स्पेक्टरसमोर प्रश्नोत्तरं. बहुतेकांचा सगळा कारभार काही तासांत आटपे. शंभरातली साधारण दोन माणसं परत पाठवली जात.

शंभरात दोन हा आकडा ऐकून वाटतं, यात एवढं काय? पण परत जाणाऱ्यांचा आकडा निराळा आणि अडकून पडणाऱ्यांचा निराळा. एकट्या आलेल्या बायकांना नियमानं थांबवून ठेवत. नातेवाइकाची तार येईपर्यंत, पत्र येईपर्यंत, पुढच्या प्रवासाचं तिकीट हाती पडेपर्यंत किंवा कुणी जबाबदार माणूस प्रत्यक्ष येऊन उभा राहीपर्यंत. परक्या पुरुषाबरोबर तिला सोडत नसत. आणि तो पुरुष तिचा होणारा नवरा असेल तर? मग आधी लग्न, मग सुटका! फिओरेल्लो ला गार्डिया हे पुढं न्यूयॉर्कचे गाजलेले महापौर झाले. ते १९०७ ते १९१० या काळात, कायद्याचं शिक्षण घेत असताना, या बेटावर दुभाष्याचं काम करायचे. अशा जोडप्यांना लग्नासाठी महापालिकेत घेऊन जायचं काम त्यांच्याकडेही येई. तिथले काही नगरसेवक दारूच्या धुंदीत लग्नं लावत आणि नवऱ्यामुलीची टिंगल करत, हे त्यांनी आपल्या आठवणींत चिडून लिहून ठेवलं आहे. परक्या देशात पाऊल ठेवल्याला दोन दिवस झालेले, भाषा कळत नाही, आणि आपलं लग्न ही समोरच्यांची करमणूक झालेली.

चॅप्लिनच्या चित्रपटाचा शेवट आठवतो का? पावसात भिजत चार्ली त्या मुलीला उचलून एका दारातून आत नेतो, आणि ते दार विवाह परवान्याच्या कचेरीचं असतं. आपण ते प्रेमकथेचं गोड टोक म्हणून पाहतो. १९१७ सालच्या न्यूयॉर्कमधल्या स्वस्त थिएटरांत बसलेल्या प्रेक्षकांपैकी कितीतरी जण स्वतः त्या बेटावरून आलेले होते. जहाजावर प्रवाशांना दोरी लावून गुरांसारखं एका बाजूला रेटतात आणि चार्ली एका अधिकाऱ्याच्या ढुंगणावर लाथ मारतो, तिथं ते का हसले असतील, हे सांगायला नको.

कायदे मात्र घट्ट होत गेले. १९०७ च्या कायद्यानं ‘अनैतिक हेतू’ची व्याख्या रुंदावली. देशात आल्यावर तीन वर्षांच्या आत एखादी परदेशी बाई वेश्याव्यवसायात सापडली, तर तिला बाहेर काढता येऊ लागलं. १९१० मध्ये ती तीन वर्षांची मर्यादाही गेली. म्हणजे एव्हासारखीला आत आल्यावरही सुटका नव्हती. तिला त्या धंद्यात ढकलणारा पुरुष तिथलाच रहिवासी, त्याला कोण बाहेर काढणार? बाई पोलिसांत गेली तर पहिली हद्दपार तीच होणार. ब्रूनोच्या तावडीतून ती पळत का नाही, या प्रश्नाचं हे दुसरं उत्तर. त्याच्या हातात चाबूक असायची गरज नव्हती, कायदाच त्याच्या बाजूनं पहारा देत होता. १९१४ ते १९१९ या काळात बेटाचे आयुक्त असलेले फ्रेडरिक हाऊ यांना ही विसंगती खुपली. पहिल्या महायुद्धामुळं जहाजं बंद, त्यामुळं हद्दपारीचा हुकूम झालेल्या बायका बेटावर महिनोन्‌महिने पडून. त्यातल्या काहींना तात्पुरतं सोडावं, काम करू द्यावं, असा हाऊ यांचा प्रयत्न होता. त्याबद्दल वर्तमानपत्रांनी आणि काँग्रेसमधल्या मंडळींनी त्यांच्यावर अनीतीला पाठीशी घातल्याचा ठपका ठेवला!

आता चित्रपटातल्या मावशीच्या नवऱ्याकडे येऊ. बऱ्याच प्रेक्षकांचा राग ब्रूनोपेक्षा या माणसावर आहे, आणि मला तो समजतो. एव्हा एकदा कशीबशी मावशीचं घर गाठते. तिथं कळतं, की पत्ता खोटा नव्हता. मावशीचा नवरा तिला घ्यायला बेटावर आलाही होता, पण जहाजावरची ती कुजबुज त्याच्या कानावर घालण्यात आली, आणि तो तसाच परत फिरला. आता घरी आलेल्या मुलीला तो पोलिसांच्या हवाली करतो. काहींना हे ओढूनताणून आणलेलं वाटलं. रक्ताच्या नात्याचा माणूस इतका कोरडा कसा असेल? मराठी प्रेक्षकाला हा प्रश्न पडायचं कारण नाही. ‘लोक काय म्हणतील’ हे भाषांतर न करता समजणारी आपण माणसं. त्या गृहस्थानंही नुकतंच कुठं बस्तान बसवलेलं. ज्या मुलीबद्दल सरकारी कागदावर शेरा आहे तिला घरात घेणं म्हणजे आपल्याही नावापुढं शेरा ओढवून घेणं, हे त्यानं ओळखलेलं. मला हा सबंध चित्रपटातला सर्वांत खरा प्रसंग वाटतो.

घ्यायला कुणी आलं तर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या घरचंच आहे. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा एलिस बेटावरचं स्थानक उघडायला अजून नऊ वर्षं अवकाश होता. पण ‘ओझं होईल’ हे कलम आदल्याच वर्षी आलेलं होतं. अठरा वर्षांची, नवरा बरोबर नसलेली, नऊवारीतली काळीसावळी बाई. तिच्याकडे पाहून एखाद्या अधिकाऱ्याला काहीही वाटू शकलं असतं. आनंदीबाई विद्यार्थिनी होत्या, कायमच्या स्थायिक व्हायला निघालेल्या नव्हत्या, हा फरक आहेच. पण त्याहून मोठा फरक असा, की न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर त्यांना उतरवून घ्यायला हजर होत्या. ज्यांना आनंदीबाई पत्रांतून मावशी म्हणत आल्या, त्या कार्पेंटरबाईंनी या न पाहिलेल्या भाचीबद्दलची कुणाचीही कुजबुज ऐकून माघार घेतली नाही.

चित्रपटातलं सगळंच इतिहासाला धरून आहे, असं मात्र नाही. एव्हा बेटावर अगदी निराधार दिसते. प्रत्यक्षात तिथं धर्मादाय संस्थांची माणसं रोज वावरत. पोलिश लोकांची संस्था होती, ज्यू स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेच्या यिडिश बोलणाऱ्या कार्यकर्त्या एकट्या मुलींना गाठून त्यांची चौकशी करत. परत पाठवायचा निर्णय एक अधिकारी उभ्या उभ्या घेत नसे. तीन जणांच्या चौकशी मंडळासमोर प्रकरण जाई आणि पुढं वॉशिंग्टनला अपीलही करता येई. अर्थात मुलीला हे सांगणारं कुणी भेटायला हवं, आणि ब्रूनो स्वतःला अशाच मदत संस्थेचा माणूस म्हणवतो, ही दिग्दर्शकाची खोच आहे. लाचखोरीचं म्हणाल, तर विसाव्या शतकाच्या आरंभी ती तिथं इतकी माजली होती, की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०२ साली विल्यम विल्यम्स या वकिलाला आणून साफसफाई करवली. १९२१ पर्यंत उघडाउघड तसं राहिलं नव्हतं.

गंमत अशी, की जिथं चित्रपट कायद्याला धरून आहे तिथं प्रेक्षक ‘अतिरंजित’ म्हणतात, आणि जिथं निव्वळ सजावट आहे तिथं ‘हुबेहूब’ म्हणतात. तो मधाळ तपकिरी प्रकाश पाहून ‘अगदी त्या काळात गेल्यासारखं वाटलं’ ही दाद सर्रास मिळते. पण त्या काळातल्या माणसांना जग तपकिरी दिसत नव्हतं! तो रंग जुन्या छायाचित्रांचा आणि अलीकडच्या चित्रपटांचा. तशीच दुसरी एक गोष्ट ‘गॉडफादर’च्या १९७४ सालच्या दुसऱ्या भागानं जगाच्या डोक्यात बसवली. बेटावर उतरलेल्या व्हीतो अँडोलिनीला तिथला कारकून गावाच्या नावावरून ‘कॉर्लिओने’ करून टाकतो. तिथं नावं बदलून टाकत, अशी दंतकथा कितीतरी अमेरिकन घराण्यांत सांगितली जाते. इन्स्पेक्टरांच्या हातात जहाज कंपनीनं बंदरात केलेली प्रवाशांची यादी असे आणि ते त्यावर खुणा करत. नावं बदलली ती बहुतेक लोकांनी स्वतःच, पुढं शहरात गेल्यावर, नोकरीसाठी. कारकुनावर ढकललं की बरं पडतं, एवढंच.

एक गोष्ट चित्रपट बोलून दाखवत नाही, पण १९२१ हे साल निवडण्यात ती आलीच. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेनं देशवार कोटा ठरवणारा कायदा केला. १९१० च्या जनगणनेत ज्या देशाचे जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या ३ टक्के एवढेच नवे लोक दर वर्षी. कोटा महिन्यामहिन्यानं सुटत असल्यामुळं, एक तारखेच्या मध्यरात्री बंदरात आधी शिरण्यासाठी जहाजांच्या शर्यती लागत. १९२४ साली ते प्रमाण २ टक्क्यांवर आलं, आणि जनगणना मुद्दाम १८९० ची धरली गेली, म्हणजे पोलंड, रशिया, इटलीकडून लोंढे येण्याच्या आधीची. एव्हा आणि माग्दा यांच्यामागं दार लागत आलेलं होतं. परत गेल्या असत्या, तर पुन्हा येणं जवळजवळ अशक्यच.

आपल्यासाठी तर ते दार १९१७ सालीच लागलं होतं. त्या वर्षीच्या कायद्यानं आशियाचा एक मोठा पट्टाच वर्ज्य ठरवला आणि त्यात हिंदुस्थान होता. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९१५ मध्ये, कला बागाई ही पंजाबी तरुणी नवरा वैष्णोदास आणि तीन लहान मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. तिथं एलिस बेटाचा पश्चिमेकडचा जुळा, एंजल आयलंड, होता. तिच्या नाकातल्या चमकीची स्थानिक वर्तमानपत्रानं नवलाची बातमी केली. नवरा बरोबर होता, जवळ चांगली पुंजी होती, म्हणून आत येणं निभावलं. मग बर्कलीत त्यांनी घर विकत घेतलं, तर शेजाऱ्यांनी त्यांना त्यात राहायला येऊ दिलं नाही. वैष्णोदास १९२१ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. १९२३ साली भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हिंदी माणूस ‘गोरा’ ठरत नाही असा निकाल दिला आणि वैष्णोदासांचं नागरिकत्व गेलं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. कलाबाईंनी मुलांना वाढवलं, शिकवलं, आणि १९८३ पर्यंत त्या कॅलिफोर्नियातच जगल्या. ज्या बर्कलीत त्यांना घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं, तिथल्या एका रस्त्याला २०२१ पासून त्यांचं नाव आहे. ही कथा कुणी पडद्यावर जशीच्या तशी मांडली, तर ‘एका बाईच्या वाट्याला एवढं येतं कुठं?’ असं म्हणणारे प्रेक्षक भेटतीलच.

एलिस बेटावर अडकवून ठेवलेल्यांच्या याद्या आज अभ्यासकांना पाहायला मिळतात. प्रत्येक जहाजाची वेगळी यादी. नाव, अडवण्याचं कारण, कुणाच्या ताब्यात दिलं, केव्हा सोडलं. कारणांच्या रकान्यात बायकांच्या नावांसमोर बहुधा दोन-तीन शब्दांचंच लिहिलेलं असतं. नवऱ्याकडे, भावाकडे, काकाकडे. आणि अगदी कडेला आणखी तीन रकाने आहेत, न्याहारी, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण. खर्च जहाज कंपनीकडून वसूल करायचा म्हणून प्रत्येकीनं किती वेळा खाल्लं याचा हिशेब ठेवलेला. त्या आकड्यांवरून कळतं, कोणती बाई एका न्याहारीपुरती थांबली आणि कोणती आठवडाभर बाकावर बसून वाट पाहत राहिली.